एसओडी, कॅटालेज आणि तोंडाचा कॅन्सर: रक्तातला आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही दिवसांनी हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडतो. पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाचा घ्या, साचा तोच. ट्यूमर किती सेंटिमीटरचा, किती मिलिमीटर खोल रुतलेला, कापलेल्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, मानेतल्या किती गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या आणि त्यांतल्या कितींमध्ये रोग सापडला. घरचे लोक त्याचा फोटो काढून ओळखीतल्या प्रत्येक डॉक्टरला पाठवतात आणि रात्री स्वतः इंटरनेट उघडून बसतात. तिथे भलतीच नावं समोर येतात: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ही अँटिऑक्सिडंट एन्झाइमं, म्हणजे पेशीला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणारी प्रथिनं, रक्तात किती आहेत यावरून रुग्णाचं पुढे कसं होईल याचा अंदाज येतो, असं म्हणणारे शोधनिबंध ढिगानं सापडतात आणि त्यांतले कितीतरी भारतातलेच असतात.

मग एक रास्त प्रश्न पडतो. इतकं माहीत आहे, तर आमच्या रिपोर्टात हे का नाही? त्याच्या मागोमाग दुसरा येतो, जरा जास्त घाईचा: मामांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का?

दोन्हींची उत्तरं एकाच रसायनशास्त्रात आहेत, म्हणून आधी तिकडे जाऊ. शाळेत रसायनशास्त्र नकोसं वाटलेल्यांनाही हे झेपेल.

पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा शेवटी त्याचं पाणी होतं. त्यासाठी ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात. हे काम पेशीतल्या मायटोकाँड्रियात चालतं आणि बहुतेक वेळा नीट पार पडतं. पण अधूनमधून ऑक्सिजनला एकच इलेक्ट्रॉन मिळतो आणि तो तसाच निसटतो. हा झाला सुपरऑक्साइड. फ्री रॅडिकल म्हणून ज्यांची इतकी चर्चा होते त्यांतला हा पहिला. निरोगी शरीरातही तो सतत तयार होत असतो.

त्याला पकडणारं एन्झाइम म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी. याची गोष्ट मजेशीर आहे. तांबं असलेलं हे निळसर-हिरवं प्रथिन रक्तपेशींत आहे हे १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून ठाऊक होतं, पण ते करतं काय हे तीसेक वर्षं कुणालाच कळलेलं नव्हतं. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी ते दाखवून दिलं. आता आपल्याला या एन्झाइमचे तीन प्रकार माहीत आहेत. तांबं-जस्तवालं पेशीच्या द्रवात असतं, मँगनीजवालं मायटोकाँड्रियात आणि तिसरं पेशीबाहेर. मँगनीजवालं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

एसओडी सुपरऑक्साइडचं करतं काय? त्यातून साधा ऑक्सिजन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. हे तेच पेरॉक्साइड, जे जखमेवर ओतलं की फेस येतो. म्हणजे एसओडीनं काम निम्मंच केलं. उरलेलं काम कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज करतात. कॅटालेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडून त्यांचं पाणी आणि ऑक्सिजन करतो. जखमेवरचा फेस हा त्याच ऑक्सिजनचा. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज तेच काम पेरॉक्साइड थोडं असतानाही चोख करतं, पण त्याला ग्लुटाथायोनचा पुरवठा लागतो आणि त्याच्या गाभ्यात सेलेनियम हे मूलद्रव्य लागतं. सेलेनियमचा हा संबंध १९७३ मध्ये कळला.

आता अडचणीची जागा. पेरॉक्साइड वेळेत फुटलं नाही आणि त्याची गाठ मोकळ्या लोहाशी किंवा तांब्याशी पडली, तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. या अभिक्रियेचा पाया फेंटन या रसायनशास्त्रज्ञानं १८९४ मध्येच घातला होता. हायड्रॉक्सिल इतकं तापट असतं की जिथे जन्मतं तिथेच जे समोर येईल त्याला धरतं, मग ती पेशीच्या पडद्यातली चरबी असो, प्रथिन असो की डीएनए. त्याला आवरणारं एन्झाइम शरीराकडे नाही. म्हणून आधीच्या दोन्ही पायऱ्या एकमेकींच्या जोडीनं चालाव्या लागतात. एसओडी भरपूर आणि कॅटालेज अपुरं, अशी स्थिती आली तर पेरॉक्साइड साचतं. त्यामुळे एसओडी वाढलं म्हणजे चांगलंच झालं असं होत नाही. हे एक वाक्य पक्कं धरून ठेवलं तरी अर्धे शोधनिबंध नीट वाचता येतील.

तंबाखू, चुना आणि सुपारी

तोंडाच्या कॅन्सरचा विचार करताना हे रसायन थेट गालात आणून ठेवावं लागतं. जगभरात २०२२ मध्ये ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे जे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण अंदाजले गेले, त्यांतले सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतातले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, म्हणजे चारांत जवळपास एक. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे स्वारगेटला एसटीची वाट पाहत उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. आणि मिश्री? ती व्यसनात धरलीच जात नाही. दात घासायची म्हणून सकाळी लावली जाते, मग दुपारी, मग पोट साफ होत नाही म्हणून पुन्हा. डॉक्टरांनी विचारलं तरी घरातली आजी सांगते, “मला कसलंच व्यसन नाही.” ओपीडीत इतिहास लिहून घेणाऱ्यानं मिश्रीचं नाव घेऊनच विचारायला हवं.

सुपारीत पॉलिफेनॉल असतात. चुन्यामुळे तोंडातलं माध्यम अल्कधर्मी होतं आणि त्या माध्यमात ही पॉलिफेनॉल आपोआप ऑक्सिडाइज होऊ लागतात. त्यातून सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड बाहेर पडतं. वर सुपारीत तांबंही बरंच असतं, म्हणजे फेंटनच्या अभिक्रियेचं सगळं सामान एकाच ठिकाणी हजर. चघळणाऱ्यांच्या लाळेत हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या खुणा संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलेल्या आहेत. डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला हायड्रॉक्सिलनं धरलं की त्याचं रूप बदलतं, पेशी विभागताना त्याची जोडी चुकते आणि कायमचा बदल बसतो. तंबाखूतली नायट्रोसअमाइन्स ही कॅन्सरकारक रसायनं हा याच्याशिवायचा वेगळा, तितकाच भक्कम रस्ता. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये पहिल्या, म्हणजे खात्रीच्या कॅन्सरकारकांच्या गटात टाकून स्पष्ट केलं. त्यामुळे ‘मी फक्त साधी सुपारी खातो’ याला फारसा अर्थ उरत नाही.

रक्तात एक, ट्यूमरमध्ये दुसरंच

आता मूळ प्रश्न. तोंडाचा कॅन्सर झालेल्यांच्या रक्तात ही एन्झाइमं मोजली तर काय दिसतं? बहुतेक अभ्यासांत दिसणारं चित्र असं: निरोगी माणसांच्या तुलनेत एसओडी, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज कमी, आणि पेशीपडद्यातली चरबी जळाल्याची खूण, म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड, जास्त. रोगाचा टप्पा पुढचा तसा हा फरक मोठा. उपचारांनंतर मूल्यं सावरल्याचंही काही ठिकाणी नोंदलं गेलं आहे. काही गटांनी पुढची पायरी गाठली आणि रुग्णांचा पाठपुरावा करून हे आकडे जगण्याशी जोडून पाहिले. अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून २००७ मध्ये असा एक अभ्यास आला. त्यात रक्तातलं लिपिड पेरॉक्सिडेशन (म्हणजे तेच चरबी जळणं), एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता आणि थायॉल या गंधकयुक्त संयुगांचं प्रमाण यांचा रुग्ण किती काळ जगले याच्याशी संबंध दिसला. म्हणजे संकेत आहे, हवेतल्या गप्पा नाहीत.

पण याच रुग्णांचा ट्यूमर तपासला तर चित्र फिरतं. ट्यूमरच्या ऊतीत कित्येकदा ग्लुटाथायोन आणि त्यावर चालणारी एन्झाइमं वाढलेली सापडतात आणि चरबी जळाल्याची खूण कमी. जिभेच्या कॅन्सरमध्ये मँगनीजवाल्या एसओडीचं प्रमाण जास्त असलेले ट्यूमर मानेतल्या गाठींत पसरायला जास्त धजावतात, असंही काही अभ्यासांनी दाखवलं आहे. रक्तात कमी असणं वाईट आणि ट्यूमरमध्ये जास्त असणंही वाईट! पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, छापण्यात घोळ झाला असावा.

घोळ काही नाही. कॅन्सरची पेशी भराभर वाढते, तिची चयापचयाची गती मोठी, त्यामुळे तिच्यात फ्री रॅडिकल आधीच जास्त. त्यात तग धरायचा तर तिला तीच संरक्षक एन्झाइमं वाढवावी लागतात जी निरोगी पेशी वापरते. शिवाय पेरॉक्साइड थोड्या प्रमाणात असेल तर ते पेशीला मारत नाही, उलट वाढीचे आणि हालचालीचे संकेत चालू करतं. म्हणून मँगनीजवालं एसओडी वाढून पेरॉक्साइडची पातळी किंचित चढली तर ट्यूमरला ते सोयीचंच पडतं. या एन्झाइमांना रुग्णाची बाजू किंवा रोगाची बाजू अशी काही नसते. ज्या पेशीत ती असतील त्या पेशीला ती वाचवतात.

उपचारांशी याचा संबंध फार जवळचा आहे. रेडिएशन, ज्याला लोक शेक देणं म्हणतात, पेशीला मारतं ते बऱ्याच अंशी याच रॅडिकलांच्या मार्फत. क्ष-किरणांनी डीएनएचं जे नुकसान होतं त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश थेट आघातानं होत नाही, ते पेशीतल्या पाण्यापासून तयार झालेल्या हायड्रॉक्सिलमुळे होतं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला ग्लुटाथायोन चिकटून निकामी करू शकतं. म्हणजे ज्या ट्यूमरनं ही यंत्रणा तगडी केली, तो शेकाला आणि औषधाला दाद कमी देणार.

अलीकडे लक्ष सुट्या एन्झाइमांवरून त्यांच्या स्विचकडे गेलं आहे ते यामुळेच. एनआरएफ-२ हे प्रथिन ग्लुटाथायोन बनवणाऱ्या आणि अशा कितीतरी जनुकांना एकत्र चालू करतं. एरवी कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि मोडायला पाठवतं. डोकं-मानेच्या काही कॅन्सरांत या जोडीतच उत्परिवर्तन होतं आणि स्विच कायमचा चालू राहतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय नकाशात हे ठळकपणे दिसलं. एकेक एन्झाइम मोजण्यापेक्षा ट्यूमरमधला हा स्विच चालू आहे की बंद हे पाहणं मला जास्त आशादायक वाटतं, कारण तिथे निदान ‘कुणाच्या बाजूचं मोजतोय’ हा गोंधळ राहत नाही.

मग रिपोर्टात का नाही

पहिलं कारण अगदी कामाच्या टेबलावरचं आहे. तांबं-जस्तवालं एसओडी आणि कॅटालेज तांबड्या पेशींत ठासून भरलेलं असतं. रक्त घेताना सुई नीट लागली नाही, नमुना हडपसरहून डेक्कनला दुचाकीवर हिंदकळत आला आणि थोड्या पेशी फुटल्या, तर सीरममधला, म्हणजे पेशी काढून उरलेल्या द्रवातला, आकडा उगाच फुगतो. शिवाय एसओडीचं ‘एक युनिट’ म्हणजे ठरावीक अभिक्रिया निम्म्यानं रोखणारं एन्झाइम. अभिक्रिया कुठली, हे प्रयोगशाळेगणिक बदलतं. कुणी पायरोगॅलॉल हे रसायन वापरतं, कुणी एनबीटी हे दुसरं. त्यामुळे एका ठिकाणचे आठ युनिट आणि दुसरीकडचे आठ युनिट यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. मॅलोनडायअल्डिहाइडची नेहमीची चाचणी तर साखरेसारख्या इतर पदार्थांनाही रंग देते. हिमोग्लोबिनसारखी सर्वमान्य मर्यादा या कुठल्याच आकड्याला अजून नाही.

दुसरं कारण जास्त मूलभूत आहे. तोंडात मोठा व्रण आहे, तोंड उघडत नाही, तिखट लागलं तरी डोळ्यांतून पाणी येतं, असा माणूस महिनोन्‌महिने पेज आणि दूध-बिस्किटांवर असतो. त्याचं प्रथिन घटतं, सेलेनियम घटतं, मग ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज घटणारच. रोग जितका पुढचा तितकं खाणं कमी आणि एन्झाइम कमी. अशा वेळी एन्झाइम कमी असलेले रुग्ण लवकर दगावले हे खरंच असतं, पण ते एन्झाइममुळे, कुपोषणामुळे, की रोगाच्या टप्प्यामुळे, हे वेगळं काढावं लागतं. पावसाळ्यात भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकराला न सांगता कळतं, खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू आहे. खूण पक्की आहे, पण पूल दोन मीटर उंच बांधल्यानं धरणातून येणारं पाणी काही कमी होणार नाही.

म्हणून नव्या खुणेला एकच कठीण प्रश्न विचारायचा असतो: जे आधीच माहीत आहे त्यात ही काय भर घालते? माहीत आहे ते थोडंथोडकं नाही. २०१८ पासून लागू असलेल्या टप्पेवारीत ट्यूमरची खोली मोजतात. दोन सेंटिमीटरच्या आतला ट्यूमर पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेला असेल तर तो पहिल्या पायरीत धरला जात नाही. मानेतल्या गाठीत रोग असणं आणि तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला असणं, ही तर फार जड बातमी. मानेचं महत्त्व किती, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या २०१५ मधल्या अभ्यासातून कळतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मानेत काही हाताला न लागणाऱ्या रुग्णांच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठी दिसल्या तरच काढायच्या असं ठरवलेल्या गटात हेच प्रमाण ६७.५ टक्के होतं. अशा खुणांशेजारी बसायचं तर एन्झाइमांना शेकडो रुग्णांत, टप्पा, वय, तंबाखू, पोषण हे सगळं हिशेबात धरून, पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्यावं लागेल. असे अभ्यास कसे नोंदवावेत यासाठी २००५ मध्ये रिमार्क नावाची नियमावलीही आली. पन्नास रुग्ण, पन्नास निरोगी माणसं, एकदाच घेतलेलं रक्त, पाठपुरावा नाही, अशा पठडीतले निबंध त्यात बसत नाहीत. त्यांतून रोगाचा स्वभाव कळतो, एखाद्या रुग्णाचं भविष्य नाही.

आणि मामांच्या गोळ्या

रक्तात एन्झाइमं कमी आहेत, मग गोळ्यांनी भरून काढू, हा विचार सहज सुचतो आणि तो करून पाहिला गेला आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला. हे १९९४ मधलं. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच एक चाचणी २८ टक्के वाढ दिसल्यावर मुदतीआधी थांबवावी लागली. आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळची चाचणी कॅनडातली आहे. डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या ५४० रुग्णांपैकी काहींना रोज ४०० युनिट ई-जीवनसत्त्व दिलं गेलं. गोळ्या चालू असताना त्यांच्यात दुसरा नवा कॅन्सर होण्याचं प्रमाण जास्त निघालं. हे निकाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ट्यूमरची पेशी तीच यंत्रणा वापरते हे कळल्यावर यात आश्चर्य वाटत नाही, पण चाचणीआधी भल्याभल्यांना उलट वाटत होतं.

म्हणून शेक किंवा केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मनानं सुरू करू नयेत. घरात आधीच चालू असतील तर पहिल्याच भेटीत डबी घेऊन जाऊन रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवावी. लपवण्यासारखं त्यात काही नाही. बागेबाहेर मिळणारा गव्हांकुराचा किंवा आवळ्याचा रस सांगायलाही संकोच नको. ताटातली पालेभाजी, डाळ, अंडं, फळं हा वेगळा मामला. तिथे बंदी नाही, उलट वजन टिकवणं हे उपचार पूर्ण होण्यासाठी फार लागतं. गिळता येत नसेल तर नळीनं का होईना, प्रथिन आणि उष्मांक पोटात जायला हवेत. आहारतज्ज्ञांची भेट शेक सुरू होण्याआधीच घ्यावी, तोंड सोलवटल्यावर नाही.

वेलनेस पॅकेजमध्ये कुणी एसओडीची तपासणी करून आणली असेल तर त्या कागदावरून उपचारात कुणी काही बदलणार नाही. तेवढ्याच पैशांत आधी पाहा, की हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टात खोली मिलिमीटरमध्ये लिहिली आहे का, काढलेल्या गाठींची संख्या दिली आहे का, आवरण फुटल्याबद्दल एक तरी ओळ आहे का. नसेल तर पॅथॉलॉजिस्टकडे विचारता येतं, स्लाइड आणि ब्लॉक (जतन केलेले ट्यूमरचे तुकडे) दुसरीकडे पुन्हा तपासूनही घेता येतात. आणि उपचार चालू असताना तंबाखू किंवा मिश्री अजून सुटलेली नसेल, तर ती चालू राहिल्यानं शेकाचा गुण कमी येतो आणि त्याच तोंडात दुसरा कॅन्सर होण्याची शक्यता वाढते. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे. तिचा नंबर १८००-११-२३५६ तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.